पाळणा पास न करणारे अण्णा

"आधी मी बसतो, मग सही," असं म्हणत अण्णा पाळण्यात चढायचे, समोरचा आडवा गज दोन्ही हातांनी घट्ट धरायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. पाळणा हलायच्या आतच त्यांचं "शिवा, शिवा" सुरू व्हायचं. खाली उभे राहून आम्ही हसू दाबत असू. उंचीला इतका भिणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल, आणि जत्रेतले आकाशपाळणे पास करायचं काम नेमकं त्यांच्याच गळ्यात पडलं होतं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. अण्णा आमच्या सरकारी कचेरीत ओव्हरसियर, मी तिथंच कारकून. ते मूळचे अक्कलकोटकडचे. बायकोशी कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत. भवानी पेठेत माझ्या घरापासून चार दारं सोडून राहायचे. संक्रांतीला गड्डा भरला, म्हणजे आमची जत्रा, की पाळणेवाले यायचे. पाळणा धड आहे असं आमच्या कचेरीनं लिहून दिल्याशिवाय त्यांना परवाना मिळत नसे. पण धड म्हणजे काय, तपासायचं काय, वजन किती घालून बघायचं, हे कुठल्याच नियमात नव्हतं. अण्णांनी वर विचारणा केली. आपल्या स्तरावर खात्री करून घ्यावी, असं उत्तर आलं.

"म्हणजे मीच बसायचं की," अण्णा म्हणाले. तेव्हापासून ते बसू लागले.

एका वर्षी एक नवा, भला मोठा पाळणा आला. लालभडक रंग दिलेला. गड्ड्याच्या मुख्य दिवसाच्या आदल्या दुपारी आम्ही तिथं गेलो. अण्णा नेहमीसारखे डोळे मिटून बसले. पाळणा वर गेला, डोक्यावर काहीतरी करकरलं आणि त्यांनी डोळे उघडले. ज्या दांड्याला त्यांचा पाळणा टांगला होता, त्याच्या जोडालाच चीर होती. ताज्या रंगाखालूनही दिसत होती.

"उतरवा मला. जोड फाटलाय. हे चालायचं न्हाय," ते वरून ओरडले.

मालक खाली इंजिनाशी उभा होता. चीर नव्हे, रंगाचा पापुद्रा असेल, असं तो म्हणाला. तेवढ्यात इंजिन बंद पडलं. चाक थांबलं तेव्हा अगदी वरच्या टोकाला होते अण्णा.

पट्टा सरकलाय, वेळ लागेल, असं मालक शांतपणे म्हणाला. त्याची माणसं तंबाखू मळत बसली. चाक हातानं ओढूनही अण्णांना उतरवता आलं असतं. मी तसं म्हटलं, तर मालक हसला. साहेबांनी एकदा हो म्हणावं, म्हणजे आमच्या माणसांनाही जोर येईल, असं तो म्हणाला. मग माझ्या ध्यानात आलं, इंजिन बंद पडलं नव्हतं, पाडलं होतं.

ऊन उतरू लागलं. लोक जमले. अण्णा त्या फुटक्या जोडाखाली गज धरून बसले होते, हलायचीही सोय नव्हती. शेवटी आमचे मोठे साहेब जीपमधून आले. मालकानं त्यांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. साहेबांनी वर बघून हाक मारली.

"कशाला तमाशा करता? हो म्हणा आणि उतरा."

अण्णा वरून ओरडले, "साहेब, उतरवलं तरी न्हाय, न्हाय उतरवलं तरी न्हाय."

गर्दी वाढली तसे साहेब बिथरले. उतरवा त्याला, म्हणाले. माणसांनी चाक ओढलं आणि अण्णा सहज खाली आले. त्यांची बोटं गजावरून मला एकेक करून सोडवावी लागली.

संध्याकाळच्या आत दुसऱ्या एका ओव्हरसियरनं सही केली. त्यानं पाळण्याला हातही लावला नाही.

गड्डा होता तोवर अण्णा रोज कचेरी सुटली की त्या पाळण्यासमोर जाऊन उभे राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी रांगेतल्या बायकांना बसू नका म्हणून सांगितलं, तर पोलिसानं त्यांना बाजूला काढलं. मग ते नुसते बघत राहिले. फुटक्या जोडाचा तो एक पाळणा वर गेला की त्यांचा श्वास अडकायचा, खाली आला की सुटायचा. कुणाला काही झालं नाही. पोरं हसत चढली, हसत उतरली. जत्रा संपली, पाळणा सुटा करून ट्रकवर चढवला आणि मालक पुढच्या गावाला गेला.

कचेरीत मात्र चहाच्या वेळी रोज कुणीतरी विचारायचं, "काय अण्णा, पडला का पाळणा?" अण्णा चहा संपवून टेबलाकडं जायचे. उन्हाळ्यात त्यांची बदली माढ्याकडं, रस्त्याच्या कामावर झाली.

सामान ट्रकमध्ये चढत होतं, तेव्हा मी त्यांना विचारलं, की तुम्हाला या लोकांचा राग येत नाही का.

ते म्हणाले, "मी बरोबर ठरायला कुणाचं तरी पोर पडावं लागलं असतं. तसं देवाकडं कसं मागायचं? मी चुकलेलाच बरा."

ट्रकमधून बायकोनं कानडीत हाक मारली. अण्णांनी ट्रकच्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबले.

"तो पाळणा आता कुठल्या गावाला लागलाय, काही कळलं का?"

मला माहीत नव्हतं. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली, तरी ते उत्तराची वाट बघत माझ्याकडं बघत होते.