तिसरी रुई, चौथी सखू

परवाच्या सोमवारी नगर जिल्ह्यातल्या कर्जतजवळच्या एका खेड्यात गेले होते... सखूच्या तेराव्याला. सखू म्हणजे माझी मामेबहीण. वय सतरा.

मैत्रिणींनो, आपली ही फिरती वही दहा दिवस माझ्याकडे पडून आहे. पुढे पाठवायला उशीर झाला, माफ करा. पण हे लिहिल्याशिवाय ती पोस्टात टाकवेना.

दीड वर्षापूर्वी, महायुद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात, सखूचं लग्न ठरत होतं. नवरा अडतीस वर्षांचा, विहिरीखालची जमीन, आणि आधीच्या दोन बायका वारलेल्या. मी घरातली पहिली बी.ए. हे लग्न होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवूनच मामाकडे गेले.

वयातलं अंतर, सखूची सुटणारी शाळा, सगळं बोलून पाहिलं. मामा म्हणाला, "तुजं बुकातलं तुज्यापाशी ठिव, बाय. पोरीला बागायत मिळतीया."

मग मला एक युक्ती सुचली. मामी भाकरी थापत होती, तिला हळूच म्हटलं, तिसरी बायको लाभत नाही म्हणतात ना गं? माझा स्वतःचा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. पण मामीचा हात परातीतच थांबला... आणि मी खूश झाले.

चार दिवस बोलणी बंद. पाचव्या दिवशी नवऱ्याचा चुलता आला, त्याला सगळे आबा म्हणतात. दारातूनच म्हणाला, "येवढंच ना वैनी? त्याला तोड हाय की! आदी नवऱ्याचं रुईसंगं लगीन लावू. रुई तिसरी. मंग तुमची सखू चौथी. चौथीला काय बी भ्या न्हाई."

मामीचा चेहरा उजळला. मी तिला भीती दाखवली होती, त्या भीतीवर उपाय निघाला. दुसरी कुठली भीती मी तिला सांगितलीच नव्हती.

कॉलेजात समाजशास्त्राच्या तासाला वाचलं होतं, आठवतं? हिमालयात चार भावांत मिळून एक बायको, कुठे मेलेल्या माणसाशी लग्न... आपण बाकावर डोकं ठेवून हसलो होतो. ते लोक आपल्याला फार लांबचे वाटले होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी ओढ्याकाठच्या रुईला हळद लावली, हिरवी चोळी गुंडाळली. अंतरपाट धरला, मंगलाष्टका झाल्या, नवऱ्याने झाडाला मणी बांधला. लगेच आबांनी कोयता घेऊन रुई बुडख्यातून तोडली. पांढरा चीक त्यांच्या हातावर ओघळला.

"रडा की वं नवरदेव, बायकू गेली!" कोणीतरी ओरडलं. सगळी वऱ्हाडी मंडळी हसली. नवरा हसला नाही.

घरी हळदीच्या अंगाने बसलेली सखू मला विचारत होती, "कशी व्हती गं माजी सवत? गोरी का काळी?" मग माझा हात धरून म्हणाली, "तिचं बरं हाय, भाकरी थापाया नगं. आक्का, तू बोल्लीस म्हनून रुई आली. आता मला जिवाची भीती न्हाई. तुजं लई उपकार झालं."

तिचा तो समज मी तसाच राहू दिला. मोडायला हवा होता...

तेराव्याच्या आठवडाभर आधी सखू गेल्याचं, कोपरा फाडलेलं कार्ड आलं. पहिलं बाळंतपण, तीन दिवस अडली. सुईणीने हात टेकल्यावर गाडी जुंपली, ती कर्जतपर्यंतही पोचली नाही. मूलही गेलं.

तेराव्याचं जेवण उरकलं, तशी आबांनी ओसरीवर विषय काढला. घर उघडं पडलंय, नेवाशाकडची एक मुलगी बघून ठेवलीय. मी न राहवून विचारलं, आता पुन्हा रुई का?

"छ्या! सखू चवथी धरलीया. आता पाचवी. पाचवीला रुई लागत न्हाई."

शेजारी बसलेल्या बायकांनी माना डोलावल्या. मामीनेसुद्धा. हिशेब चोख होता, त्यात कोणाला काही खटकलं नाही.

सखूचा नवरा मला मोटारीपर्यंत पोचवायला आला. चिंचेखाली मोटारीची वाट बघत उभे होतो, तेव्हा खाली बघत म्हणाला, "आक्का, तिसरी लाभत न्हाई म्हन्त्यात. मंग पयली का न्हाई लाभली? ती तर पयलीच व्हती."

आधीच्या दोघी कशा गेल्या, हे मी दीड वर्षात प्रथमच विचारलं.

"बाळंतपनातच. आडूनच गेल्या दोगी बी."

नगरला माझ्या खोलीपासून बायकांचा दवाखाना दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. आठव्या महिन्यात सखूला माझ्याकडे पाठवा, एवढं एक वाक्य मी मामीला लिहिलं असतं तर... लिहिलं नाही. दोघी कशाने मेल्या हे विचारायचं सोडून मी वाद जिंकायला गेले होते, आणि तोही दुसऱ्याच्या खोट्या समजुतीच्या जोरावर.

मी त्याच्याकडून नेवाशाच्या त्या मुलीच्या गावाचं नाव घेतलं. "लगीन मोडाया जानार का?" त्याने विचारलं. म्हटलं, मोडेल की नाही ठाऊक नाही. पण दोघी नाही, तिघी कशा गेल्या ते तिच्या आईला सांगणार. आणि माझ्या खोलीचा पत्ता देणार.

त्याने मागे गावाकडे एकदा वळून पाहिलं. मग म्हणाला, "सांगा. म्या बोललो तर आबा घरात ठिवनार न्हाईत."

येत्या रविवारी जाते आहे. रुईचा शब्दही काढणार नाही. सखूने हळदीच्या हाताने माझे जे उपकार मानले, ते मी कधी केलेच नव्हते... निदान त्या दुसऱ्या मुलीवर तरी करायचे आहेत.