चार नंबरचा माइक

तोफेचा आवाज वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेल्या माइकांपर्यंत किंचित पुढेमागे पोचतो. त्या फरकावरून तोफ कुठे आहे ते काढता येतं. आपण नुसतं ऐकायचं. आपल्याकडून काहीच सिग्नल जात नाही, म्हणून शत्रूला आपला पत्ता लागत नाही. नागपुरातल्या आमच्या छोट्या कंपनीत हे गणित करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. चाचणीला तोफ कुठून आणणार? म्हणून उमरेडकडच्या कोळसा खाणीत दुपारी सुरुंग उडायचा, त्यावरच भागवायचो. खाणीपासून चार किलोमीटरवर सहा माइक होते, कुणाच्या शेतात, कुणाच्या अंगणात.

लष्कराचे अधिकारी पाहायला येणार होते, त्याच्या आदल्या दुपारी माझं उत्तर, म्हणजे नकाशावरचा ठिपका, खाणीऐवजी तलावात पडलं.

“शत्रू तोफ पाण्यात ठेवून राहिला का, मॅडम?” आमच्या कंपनीचे सर म्हणाले. चाचणीच्या व्हॅनमधले बाकीचे दोघं हसले. मग सरांनी शांतपणे सांगितलं की संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर उद्या जुनाच प्रोग्राम लावू. माझं दोन वर्षांचं काम होतं.

मी आकडे पाहत बसले. पाच माइकांचं आपसात जुळत होतं, चौथ्याचं कुणाशीच नाही. हे कळायला दहा मिनिटं लागली, बोलायला अर्धा तास. शाळेपासून माझं असंच. वाक्य आधी इंग्रजीत जुळतं, मग मराठीत, तोवर विषय पुढे गेलेला असतो.

“सर, चार नंबरचा माइक जागेवर नाहीये.”

तो मी स्वतः ठेवलाय, असं ते म्हणाले. तरी व्हॅन वळवली.

माइक घरामागे कडुनिंबाखाली होता, वर ओला पंचा. हातमाग सोडून घरच्या बाई बाहेर आल्या.

“सकाळपासून ऊन लागून राहिलं होतं त्याले. सरकवला जरासा. काहून वं, बिघडलं का?”

जरासा म्हणजे चाळीस पावलं. सरांनी चालून मोजली. मी बाईंना म्हटलं, काही बिघडलं नाही. नवी जागा जीपीएसवर घेतली आणि दुपारचंच रेकॉर्डिंग पुन्हा चालवलं. ठिपका तलावातून निघाला आणि खाणीत, सुरुंग उडाला होता त्याच कडेला जाऊन बसला.

सरांनी ठिपका मोठा करून पाहिला. “उद्या हाच प्रोग्राम दाखवू,” ते म्हणाले. माइक सावलीतच राहू द्यायचं ठरलं.

बाईंनी चहा केला. अनोळखी घरी मी सहसा नको म्हणते. त्या दिवशी दुसरा कपही घेतला.