गाडेकर सरांचा अंदाज

माणूस टीव्हीवर दिसायला लागला की त्याचे किस्से त्याच्याआधी घरी पोचतात. आमचे गाडेकर सर राज्यशास्त्राचे प्राध्यापक. चॅनेलवर राजकीय विश्लेषक म्हणून बसायला लागले, तेव्हापासून स्टाफरूममध्ये डब्यांपेक्षा त्यांचे किस्सेच जास्त उघडायचे. त्यातले हसण्यासारखे आता थोडेच उरलेत.

*

वर्गात सर एकच मुद्दा तासभर सोलायचे. पहिल्याच चर्चेत अँकर म्हणाली, "सर, थोडक्यात सांगा, वीस सेकंद आहेत."

"अहो, वीस सेकंदांत माझी हजेरीसुद्धा होत नाही!"

आणि ब्रेक झाला.

*

एकदा निवडणुकीच्या दिवसांत सर आणि मी मुकुंदवाडीला जायला छावणीतून रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून सरांना ओळखलं.

"प्रोफेसर साब, इस बार कौन आरा?"

"अरे बाबा, पहले मुकुंदवाडी तो आने दे!"

*

मग जिल्हा परिषदेला सरांचे थोरले भाऊ साहेबराव उभे राहिले. गाव चितेगावच्या पुढं. वडील लवकर गेले, तेव्हा या दादांनीच शाळा सोडून शेती धरली आणि धाकट्याला शिकवलं. या निवडणुकीवर चॅनेलवर सरांची चर्चा होती, त्या दिवशी दादांनी अंगणात टीव्ही मांडला. सगळे कार्यकर्ते जमले. आपला माणूस काय बोलतो, ते ऐकायचं होतं.

अँकरनं नेमका तोच गट काढला.

"पडतील," सर म्हणाले.

"सर, उमेदवार तुमचे सख्खे भाऊ आहेत!"

"म्हणून तर गाव मला नीट माहितीये!"

स्टाफरूममध्ये आम्ही टाळ्या वाजवल्या. काय माणूस आहे!

दादा पडले. निकालाच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, "तुझा अंदाज लई बरोबर निघाला. आता गावाकडं येऊ नको."

त्यावर सर माझ्याशी एकदाच बोलले. "मी खोटं बोललो असतो, तरी दादा पडलेच असते." मग चहा ढवळत म्हणाले, "पण मग त्यांना लोकांनी पाडलं असतं."

*

सरांची माय दादांकडंच राहायची. गावात कुणी विचारलं, "धाकला येतो का गं भेटायला?" तर म्हणायची, "येतो की. रोज येतो. टीव्हीत."

दादा शेतात गेले की ती शेजारणीच्या मोबाईलवरून सरांना फोन लावायची. एकदा तिचा फोन नेमका लाईव्ह चर्चेत आला. समोर दोन प्रवक्ते एकमेकांवर ओरडतायत, आणि सरांनी फोन कानाला लावला. माईक चालूच!

"व्हय माय, जेवलो. नाय, बारीक नाय झालो. टीव्हीत तसंच दिसतं."

ती क्लिप सगळीकडं फिरली. पोरांनी मीम्स केले. स्टाफरूममध्ये आम्हीही हसलो. सर तेवढे हसले नाहीत.

*

मागच्या हिवाळ्यात दादांना शहरातल्या दवाखान्यात आणलं. लिव्हर गेलं होतं, डॉक्टरांनी हात टेकले होते. वहिनींनी सरांना कळवलं. सर मला म्हणाले, "तुम्ही चला सोबत. एकट्याचा पाय उचलत नाही."

आम्हाला बघून दादांनी भिंतीकडं तोंड केलं.

सर कॉटजवळच्या स्टुलावर बसले. "दादा," म्हणाले. पुन्हा म्हणाले. पांघरूण जरासुद्धा हललं नाही.

वॉर्डातल्या टीव्हीवर आदल्या दिवशीची चर्चा लागली आणि सरांचाच आवाज वॉर्डभर सुरू झाला. सर ओशाळले. घाईघाईनं उठून त्यांनी टीव्ही बंद करायला रिमोट उचलला.

"राहू दे," भिंतीकडूनच दादा म्हणाले. "आवाज वाढव."