यशूचे नवे दात

"लेकराच्या तोंडात बोट घालाचं म्हणजे दुसऱ्याच्या घरात जाणं हाय, चपला बाहेर काढूनच जावं लागते."

बालवाडीत पोर आणून सोडणाऱ्या प्रत्येक नव्या आईला केसरबाई हे सांगायची. सावली गावाजवळच्या एका खेड्यात, धानाच्या बांध्यांना लागून बौद्धांची पस्तीस घरं होती आणि तिथल्या विहारात तिची बालवाडी भरायची. सकाळी ती करंजाची काडी चावून मऊ करायची, आधी स्वतःच्या दातांवरून फिरवायची, मग पोरांना आपले दात मोजायला लावायची आणि त्यानंतरच त्यांच्या तोंडात बोट घालायची. एखादं लबाड पोर तिचं बोटच चावायचं.

"चाव, चाव! आज भाजी नाई केली, बोटच खा."

पोर हसायचं, आणि हसलं की तोंड आपोआप उघडायचं. दात दुखतो म्हणून आईनं हिरडीला गुडाखू चोळलेलं असलं, तर तो तंबाखू ती ओल्या फडक्यानं पुसून काढायची आणि लवंग लावायची. शेवटी वस्तीतल्या हातपंपाच्या पाण्यानं खळखळून चूळ, आणि वर भरलेला पेला. "पोटभर प्या. आपल्या पंपाचं हाय."

लहानपणी तिला शाळेत दाराशी बसवलं होतं. "ह्यायच्या तोंडाचा वास येते," असं मास्तर सगळ्यांदेखत म्हणाला होता. तेव्हापासून तिनं एकच ध्यास घेतला होता: आपल्या वस्तीच्या लेकराकडं बोट दाखवायला कोणाला जागा ठेवायची नाही.

पंपही तिनंच आणला होता. त्याआधी वस्तीच्या बाया गावविहिरीच्या ओट्याखाली घागरी घेऊन उभ्या राहायच्या. वरून कोणाला दया आली की पाणी ओतलं जायचं. केसरबाईनं सावलीच्या कचेरीत नऊ खेपा घातल्या, शेवटच्या दोन तर पोटुशी असताना. एकोणऐंशी साली पंप बसला तेव्हा तिची यशू बारा दिवसांची होती. दांडा हापसून आलेलं पहिलं पाणी तिनं बोटानं लेकीच्या ओठांना लावलं. ते पाणी कोणी ओतलेलं नव्हतं.

यशूचे दुधाचे दात तांदळासारखे होते. सातव्या वर्षी ते पडले आणि नवे आले, तेव्हा त्यांच्यावर खडूसारखे पांढरे डाग होते. वर्षभरात डाग पिवळे झाले, मग तपकिरी.

"गुडाखू खातेस?"

"नाई वं माय."

"मंग घासत काऊन नाईस?"

"घासतो नं मी. दोनदा घासतो."

शाळेतली पोरं यशूला 'गुडाखूवाली' म्हणू लागली. दातांच्या बाईची लेक, आणि दात असे! एका सकाळी केसरबाईनं यशूला गुडघ्यांत धरलं आणि फडक्यावर विटेची भुकटी घेऊन घासायला सुरुवात केली. डाग हलला नाही. तिनं जोर लावला. फडकं लाल झालं, तरी ती थांबली नाही. यशू रडली नाही. नुसती आईकडं बघत राहिली. त्या दिवसापासून बोलताना ती तोंडावर तळवा धरू लागली.

नंतर एकामागून एक वस्तीतल्या नऊ पोरांचे नवे दात तसेच निघाले.

सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात नागपूरहून दातांचा एक तरुण डॉक्टर शिबिराला आला. यशूचं तोंड बघून तो रागावला नाही. "पाणी कुठलं पिता?" एवढंच त्यानं विचारलं. गावातल्या पोरांचे दात पाहिले. ती विहिरीचं पाणी पिणारी. काडी कधीमधी हातात घेणारी, पण दात पांढरे. त्यानं दोन बाटल्यांत दोन्हीकडचं पाणी भरून नेलं. महिन्यानं पत्र आलं. विहिरीचं पाणी चांगलं होतं. पंपाच्या पाण्यात, खोल खडकातून येणारं फ्लोराइड फार होतं. दात हिरडीच्या आत तयार होतानाच डागळतो, मग तो कितीही घासा. जास्त वर्षं प्याल तर हाडंही आखडतील. ज्यांचे पक्के दात यायचे आहेत, त्यांचं पाणी आजच बदला.

केसरबाईनं पत्र दोनदा वाचलं. बालवाडीत बावीस पोरं होती. रोज सकाळी तिनंच त्यांना पेले भरभरून पाजले होते. हिरड्यांच्या आत, जिथं तिचं बोट पोचत नव्हतं, तिथं ती रोज जाऊन आली होती.

ग्रामसभेला ती पंपाच्या पाण्यानं भरलेली घागर, पत्र आणि यशूला घेऊन गेली. पत्र वाचून दाखवलं. मग म्हणाली, "लहान लेकरांपुरतं तरी विहिरीचं पानी पायजे. आमीच शेंदून घेऊ."

सरपंच वामनराव घागरीत डोकावले. "काचेसारखं तं हाय पानी. आन् विहिरीवर तुमाले कोनी नाई म्हनलं का, बाई? पंप तुमीच मागतला. हक्काचं पानी, हक्काचं पानी!"

"दात घासाले शिकवते नं बाई," मागून देवाजी म्हणाला, "अजून घासा म्हना!"

हशा पिकला. तिचा भाऊ लहानू शेजारून दबक्या आवाजात म्हणाला, "बस खाली, बाई. भांडून पंप घेतला आपन. आता आपनच त्याले वाईट म्हनाचं? हे लोक जलमभर हासतीन."

"हासू दे. लेकरं काय पितीन?"

"आपन नाई मोठे झालो का?"

वामनराव म्हणाले, "दाखवा तं खरं, काय झालं पोरीले."

"यशू, दाखव माय."

यशूनं तळवा तोंडावर घट्ट दाबला.

"एकदाच दाखव. त्या लहान लेकरांसाठी."

यशूनं नकाराची मान हलवली. सगळी सभा त्या आठ वर्षांच्या पोरीकडं बघत होती. केसरबाईनं तिचं मनगट धरलं, हात बाजूला ओढला आणि ओठ वर करायला बोट पुढं नेलं. यशूनं डोळे मिटले. दात आवळले. विटेच्या भुकटीच्या सकाळी आवळले होते तसेच.

केसरबाईचं बोट तिथंच थांबलं.

"काऊन, नाई दाखवत?" देवाजीनं विचारलं.

तिनं मनगट सोडलं. यशूचा तळवा तिनंच उचलून पुन्हा तिच्या तोंडावर ठेवला. मग घागर उचलली आणि दारात जाऊन सगळं पाणी अंगणात ओतून दिलं. वाळलेल्या मातीनं ते लगेच पिऊन टाकलं.

"बाई," वामनराव उठून उभे राहिले, "रिकामी घागर घेऊन कुठी निंगाल्या?"

पायरीवर तिनं चपला पायांत घातल्या, घागर कमरेवर घेतली, यशूचा मोकळा हात धरला आणि विहिरीच्या वाटेनं चालू लागली.