माडवाल्या वहिनींचा नारळ

माझं अक्षर वाकडं, आणि ऱ्हस्व-दीर्घ तर कधी जमलंच नाही. चौथीत शाळा सुटली. ही पानं कुणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्यात.

माडवाल्या वहिनी नारळ आधी कानाशी धरून हलवायच्या. डोळे मिटून, फोन ऐकावा तशा. "बोलतोय," म्हणायच्या आणि मगच समोरचीच्या हातात द्यायच्या. गणपतीआधी मालवणाकडून त्यांच्या भावाचं पोतं फरीदाबादला यायचं. पायरीवर बसून कोयत्याने नारळ सोलायच्या आणि आमच्या गल्लीतल्या मराठी घरांत वाटायच्या. बाजारातल्या नारळाला नाक मुरडायच्या. "तो देवाला चालेल गो, माणसांना नाही."

मला त्यांचा हेवा वाटायचा. मी साताऱ्याकडची. माहेरून यायची ती ज्वारी, तीही कधीतरी. ती वाटली तर घेणार कोण? आमचे हे माझी आमटी मुकाट जेवायचे. वहिनींची सोलकढी आली की वाटी चाटून म्हणायचे, "बिल्कुल जबरदस्त!" मला कधी 'बिल्कुल' मिळालं नाही. आजूबाजूला नव्या सोसायट्या उठत होत्या, शेजाऱ्यांच्या दारात मोटारी येत होत्या. त्यांचं काही वाटलं नाही. माझा जळफळाट फक्त त्या पोत्यावर.

एका वर्षी पोतं अर्धंच आलं. वहिनी म्हणाल्या, "माडांना कोळी लागलाय."

चारचौघींत मी तोंड उघडत नाही. त्या दिवशी कशी कोण जाणे, बोलून गेले, "मग झाडू मारायचा की! माझ्या छताला रोज लागतो कोळी."

बायका पोट धरून हसल्या. वहिनीही हसल्या. मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी त्या एक नारळ घेऊन माझ्याकडे आल्या. मुठीएवढा, भेगाळलेला, तपकिरी चट्ट्यांचा. देठाची टोपी त्यांनी सुरीने उचकटली.

"इथं बसतो हा कोळी, जाळंवाला नव्हे. डोळ्यांना दिसत नाही. कोवळेपणीच रस पितो, मग फळ वाढत नाही. ह्याला कुठला झाडू मारू, सांग."

मला काहीच दिसलं नाही. तरी मी टोपीखालीच बघत राहिले. त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

पुढे पोतं यायचं बंद झालं. भाऊ निम्मे माड तोडायचं म्हणू लागला, तेव्हा वहिनी माड राखायला गावी राहायला निघाल्या. जाण्याआधी त्यांनी हळदीकुंकू केलं. प्रत्येकीच्या ओटीत बाजारातला मोठा नारळ घातला, न हलवता. माझ्यापाशी आल्यावर पदराआडून एक लहान, चट्ट्यांचा, शेवटच्या पोत्यातला काढला. कानाशी धरला. डोळे मिटले.

"बोलतोय थोडासा. घरचा आहे गो. झाडू मारून खा."

"हिलाच का?" शेजारची पुटपुटली. सगळ्या माझ्या ओटीकडे बघत होत्या. मी ओटी घट्ट धरून घरी आले.

सोलकढी जेमतेम दोन वाट्या झाली. ह्यांनी वाटी चाटली आणि म्हणाले, "वा! बिल्कुल वहिनींची!"