वरच्या तळ्याची फळी

माझ्या थोरल्या नणंदेने, आमच्या वन्संनी, नवऱ्यामागे मासेपालन एकटीच्या जिवावर चालवलं. माशांवर माया वगैरे त्यांनी कधी केली नाही. खाल्लेलं अंगी लागावं, एवढीच त्यांची माशांकडून अपेक्षा. नवऱ्याकडूनही तेवढीच होती, असं त्या स्वतःच हसत सांगायच्या.

मूठभर खाद्य टाकायचं, थांबायचं, खाल्लं असं दिसलं तरच दुसरी मूठ. या धंद्यात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यात जातो, आणि तळाशी बसलेलं खाद्य पैसेही बुडवतं, पाणीही नासवतं. आमचे हे घमेलं एकदम उपडं करायचे, तेव्हा वन्सं म्हणायच्या, "अरे, मासे आहेत, पंगत नाही उठायची."

त्यांचं तळं वर, आमचं खाली. बाकी तिन्ही बाजूंना लोकांची घरं, म्हणून त्यांच्या तळ्याचं पाणी बाहेर सोडायचं तर एकच वाट, आमच्या तळ्यात. मध्ये एक लाकडी फळी. फळी उचलली की त्यांचं पाणी आमच्याकडे.

यंदा वन्संनी एक घाई केली. बोटाएवढी नवी पिल्लं आणली की आधी कडेला जाळ्याच्या कप्प्यात वेगळी ठेवायची, धड आहेत याची खात्री झाली की मगच मोठ्या माशांत सोडायची, ही त्यांचीच रीत. पण ती पिल्लं लांबून उन्हात आली होती, डब्यात तोंडं वर काढून तडफडत होती. कप्प्याचं जाळं फाटलेलं. ते शिवेपर्यंत निम्मी मेली असती. वन्संना बघवेना. त्यांनी ती तशीच तळ्यात ओतली.

थोड्याच दिवसांत मोठे मासे खायचे थांबले. अंगावर लाल जखमा उमटल्या, मासे कडेला येऊन कलंडू लागले. माशांच्या डॉक्टरांनी येऊन पाहिलं आणि सांगितलं, औषधाने थोडेफार वाचतील, पण खरा उपाय पाणी बदलणं. निम्मं पाणी काढा, ताजं घ्या. काढलेलं पाणी कुठे जाणार, हे त्यांना माहीत नव्हतं. आम्हाला होतं. आमचे मासे तेव्हा विकायच्या वजनाला आले होते.

सकाळी आमचे हे फळी उचलायला निघाले. मी मागोमाग गेले. वन्सं आधीच तिथे उभ्या होत्या.

"ताई, सरक. तुझे निम्मे तरी वाचतील."

"आणि तुझे?"

"माझं मी बघतो."

"तू काय बघणार? तुला स्वतःच्या चपला सापडत नाहीत."

ह्यांनी फळीला हात घातला, तर वन्सं चक्क त्या फळीवर बसल्या. पाय पाण्यात, पदर पाण्यात. हे रडकुंडीला आले. तेव्हा त्या म्हणाल्या, "माझे गेल्यात जमा आहेत. तुझेही गेले तर पुढच्या हंगामाला मला पिल्लं कोण घेऊन देणार? मोठं मन वगैरे समजू नकोस. हिशोब आहे."

मी हात जोडून उभी होते. देवाकडे दोन्ही तळी मागितली. एकच मागायला जीभ रेटेना.

फळी उचलली गेली नाही. औषध टाकलं, तरी वरचं तळं सगळं मेलं. मेलेले मासे आम्ही घमेल्यांनी काढले, खड्ड्यात चुना टाकून पुरले. वास अंगाला इतका बसला की आंघोळ करूनही जेवण जाईना. वन्संनी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. फक्त एकदा म्हणाल्या, "एकदाच दया आली गं मला, आणि तीही मेली."

आमच्या तळ्यात एकालाही जखम झाली नाही. रोग खाली उतरला नाही. बातमी मात्र उतरली.

व्यापारी आला. त्याच्या काट्यावर किलोचा मासा नेहमी थोडा हलकाच भरतो, म्हणून मागून सगळे त्याला पाऊणकिलो म्हणतात. त्याने आमचे मासे उलटेपालटे करून पाहिले, काही सापडलं नाही, तरी मान हलवली. वरच्या तळ्यात रोग होता हे गिऱ्हाइकाला कळलंय, म्हणाला, आणि निम्म्याहून कमी भाव सांगितला. मासे राखून ठेवावेत, तर रोज खाद्य लागतं आणि आता वजन फारसं वाढत नाही. दुसरा कोणी फिरकला नाही. दिले. खाद्यवाल्याचं भागवून वन्संच्या पिल्लांपुरतेही पैसे हातात उरले नाहीत. हे वन्संना तोंड दाखवेनात. त्याच आपण होऊन आल्या, भांडी घासून गेल्या.

आता त्या पाऊणकिलोच्याच दुकानात मासे कापायला जातात. त्यांचं तळं आटत चाललंय, कडेला भेगा गेल्यात.

परवा मी तिथे गेले होते. आमच्या तळ्यातले शेवटचे मासे अजून बर्फात होते. एक बाई मासा हातात घेऊन विचारत होती, हा त्या रोगाच्या तळ्यातला नाही ना? मालक नाही नाही म्हणत होता. ती वन्संकडे वळली, "तुम्ही सांगा, मावशी."

"रोगाचं तळं माझं होतं," वन्सं म्हणाल्या. "ते मेलं. हा मासा त्याच्या खालच्या तळ्यातला. चांगला आहे."

बाईने मासा अलगद खाली ठेवला, पिशवीला हात पुसला आणि निघून गेली.

मालक चिडला. नुसतं नाही म्हणायला काय झालं होतं, विचारू लागला. देव बघतो, एवढंच वन्सं पुटपुटल्या. त्याने त्यांना दर्शनी ओट्यावरून उठवलं आणि मागे खवले काढायला बसवलं.

तिथे उजेड कमी आहे. पण कोणी काही विचारायला येत नाही.