हरण्याची रंगीत तालीम

रविवारची संध्याकाळ, खर्च एकशे चाळीस रुपये (सात बटाटेवडे, चटणी फुकट), हजर माणसं चार: मी, माझी बायको, अकरावीतली आमची ऋचा आणि समोरच्या ब्लॉकमधले काका. डोंबिवलीतल्या आमच्या हॉलमध्ये त्या संध्याकाळी ऋचा तिरंदाजीच्या जिल्हा निवड स्पर्धेत रीतसर हरली. खरी स्पर्धा अजून आठ दिवस लांब होती.

समोरच्या काकांसारखा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, हे मी हिशेबाच्या नोकरीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. समोरच्याला काय बोलायचं आहे हे त्याच्या आधी काकांना कळायचं, आणि कळलं की कुजबुजल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. दिवसा टेलिफोन खात्यात नोकरी आणि संध्याकाळी एका हौशी नाटकमंडळीत प्रॉम्प्टर, असं त्यांचं तीस वर्षं चाललं. विंगेत लपून उभं राहायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच सांगायचं, हे प्रॉम्प्टरचं काम. नोकरी संपली, मंडळीही बंद पडली, पण काकांची विंग काही सुटली नाही. भाजीवाली "ताई, भेंडी..." म्हणून क्षणभर थांबली की मागून आवाज यायचा, "...तीस रुपये पाव." सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी पाण्याच्या टाकीचा खुलासा करताना अडखळले, तेव्हा काका कुजबुजले, "...चूक माझीच झाली," आणि सेक्रेटरी ते ओघात बोलूनही गेले. तेव्हापासून काकांना सभेत पहिल्या रांगेत बसवायचे, सगळ्यांना दिसतील असे. दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा वारले तेव्हा त्यांचा मुलगा भेटायला आलेल्यांना "बाबा शेवटपर्यंत..." एवढंच म्हणू शकला. "...सगळ्यांची चौकशी करत होते," काकांनी पुरवलं. मुलाने मान हलवली आणि तो दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळेपणी रडला. काकांच्या घरी तीस वर्षांच्या नाटकांचे फोटो होते. त्यांतल्या एकाही फोटोत काका नाहीत. एकात त्यांचं कोपर आहे. तो फोटो मात्र त्यांनी मोठा करून, फ्रेम करून लावला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ते कोपर अभिमानाने दाखवायचे.

त्या वर्षी ऋचाला एक विचित्र खोड जडली होती. दोरी हनुवटीपर्यंत ओढायची, नेम धरायचा, मन शांत झालं की सोडायची, हे ती चार वर्षं करत आली होती. पण आता मन शांत व्हायच्या आतच बोटं उघडायची आणि बाण सुटायचा. हात चांगला, धनुष्य चांगलं, डोळे तपासून आणलेले. तिच्या सरांनी सांगितलं, "हे हातातलं नाही, डोक्यातलं आहे." मग डोक्यासाठी जे जे करतात ते सगळं केलं. पहाटे प्राणायाम केला, मोबाइलवर समुद्राचा आवाज लावला, माझ्या ठाकुर्लीच्या बहिणीने पाठवलेली बदामाची पूडही खाल्ली. बाण सुटतच राहिला. शेवटी एका रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, या निवडीतपण असंच झालं ना, तर धनुष्य विकून टाका. कल्याणचा तो दादा मागतोय. निवड झाली की बघायला येऊ देत त्याला." तिची आई ताटावरून उठून गेली. मी किमतीचा विचार करायला लागलो, कारण मला दुसरं काही सुचत नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ही गोष्ट मी काकांना अर्धी सांगितली. उरलेली अर्धी त्यांनीच मला सांगितली. मग ते आमच्याबरोबर कोलशेतच्या मैदानावर सराव बघायला आले. तिथे त्यांनी टार्गेटकडे एकदाही पाहिलं नाही. तासभर ते ऋचाकडे पाहत होते आणि अधूनमधून माझ्याकडे. परत येताना एवढंच म्हणाले, "आमचा एक नायक होता. तिसरी घंटा झाली की विंगेत ओकायचा. मी त्याला विचारलं, समज वाक्य विसरलास, लोक हसले, पडदा पडला, पुढे काय? घरी जाणार ना? घरी काय केलंय? म्हणाला, आमटी-भात. म्हटलं, मग तू एवढा घाबरतोयस तो आमटी-भाताला. ओकायचा थांबला. ऋचा, तुझी हरण्याची तालीम झालेली नाही. ती करून घेऊ. रंगीत, सगळ्या पात्रांसकट."

तर तो रविवार. ऋचाने धनुष्याची बॅग खांद्याला लावून दारातून आत यायचं, हरून. आईने पाणी द्यायचं आणि "असू दे गं" म्हणायचं नाही. ते वाक्य काकांनी कापलं होतं. माझ्या बहिणीचा फोन यायचा. बहीण काका स्वतःच झाले, कानाला टीव्हीचा रिमोट लावून. पहिल्या वेळी ऋचा दारातच हसत सुटली. दुसऱ्या वेळी आत आली, बॅग ठेवली, आणि काका बहिणीच्या आवाजात म्हणाले, "अगं ऋचू, जाऊ दे गं, तरी मी म्हणत होते, बदाम रात्री भिजवून खायचे असतात!" त्यावर आम्ही सगळे हसलो, ऋचाही हसली आणि हसता हसता रडायला लागली, अगदी खरं. तिची आई पुढे झाली तसा काकांनी हात आडवा केला. "रडू दे. हे संहितेत आहे."

मग माझा प्रवेश होता. ऋचा डोळे पुसून माझ्यासमोर उभी राहिली. मी म्हणालो, "किती झाले?"

"थांबा," काका म्हणाले. "हे वाक्य तुमचं नाही."

"मग कुणाचं?"

"स्कोअरबोर्डाचं. तुमचं वाक्य आहे, भूक लागलीय का?"

सोपं वाक्य. तीन शब्द. मी दारात गेलो, वळलो, घसा साफ केला आणि म्हणालो, "बरं, साधारण किती झाले?" पुन्हा. "भूक... म्हणजे एकूणात किती?" पुन्हा. "जेवायचंय का? आधी सांग, मागच्यापेक्षा जास्त की कमी?" काकांनी कपाळाला हात लावला. "अहो साहेब, जन्मात एकदा आकडा गिळा!" ऋचा सोफ्यावर लोळून हसत होती. "काका, बाबांना नाही जमणार. त्यांना डमी ठेवा." पाचव्या वेळी मी कसाबसा पास झालो. सातवा वडा काकांनी अर्धा करून मला दिला, बक्षीस म्हणून.

स्पर्धेला या, असं ऋचाने काकांना परोपरीने सांगितलं. "प्रयोगाला मी दिसत नसतो, बाळा," ते म्हणाले, आणि विषय संपला.

निवडीच्या दिवशी मैदानाच्या कडेला पालकांसाठी मांडव घातला होता, तीन बाजूंनी कनात. ऋचाची पाठ आमच्याकडे होती. पूर्वी प्रत्येक बाणानंतर ती मान वळवून माझ्याकडे पाहायची, हे मला त्या दिवशी कळलं, कारण त्या दिवशी ती वळली नाही. शेवटची फेरी झाली, शिट्टी वाजली, यादी लागली. यादीपाशी ऋचा बराच वेळ उभी राहिली. मग बॅग खांद्याला लावून सावकाश आमच्याकडे आली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की नाव नाही. ती माझ्यासमोर उभी राहिली. मी तोंड उघडलं आणि माझं डोकं साफ रिकामं झालं. जिभेवर एकच गोष्ट होती. "कि..." असं माझ्या तोंडून निघालंही.

"...भूक लागलीय का?" मागच्या कनातीतून कुजबुज आली.

"भूक लागलीय का?" मी म्हणालो.

ऋचा कनातीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हो. जाम." आणि मग, "बाबा, एकही आधी सुटला नाही. एकपण नाही. ज्या निवडल्या गेल्या त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत, बस." मी कनात उचलून पाहिली. मागे फक्त गवत होतं आणि त्यावर ताजी उमटलेली चपलांची वाट.

घरी पोचून अर्धा तास झाला नसेल, माझ्या बहिणीचा फोन आला. ऋचाने स्पीकरवर टाकला. "अगं ऋचू, जाऊ दे गं. पण मला सांग, बदाम तू रात्री भिजवत होतीस का?" आम्ही तिघे इतके हसलो की बहीण अजूनही अधूनमधून विचारते, त्यात हसण्यासारखं काय होतं. त्याच हसण्यात ऋचाने कल्याणच्या मुलाला फोन लावला. "सॉरी दादा, येऊ नका. नाही विकायचं." पुढच्या वर्षी ती निवडली गेली. पण त्या दिवशीचा तिचा आकडा किती होता, हे मला आजतागायत माहीत नाही. मी विचारलेला नाही, आणि मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसत नाही.

यंदा काकांना त्यांच्या मुलाने नाशिकला नेलं. एकट्याने राहायचं वय नाही, जिने चढवत नाहीत, सगळं बरोबरच आहे. सकाळी टेम्पो आला, सामान चढलं, कोपराची फ्रेम काकांनी स्वतःच्या मांडीवर घेतली. मी खाली गेलो. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं. "काका, तुम्ही आमच्यासाठी..." इथवर आलो आणि अडकलो. सवयीने थांबलो, वाट पाहिली. ते माझ्याकडे पाहत होते. ओठ हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी समोरच्याचं वाक्य पुरं केलं नाही.

"जेवून निघा," मी म्हणालो. "आमटी-भात केलाय."

काकांनी फ्रेम ऋचाच्या हातात दिली आणि टेम्पोतून उतरले. "हे मी सांगितलेलं नाही हं," ते म्हणाले. सावकाश जेवले, भात दोनदा घेतला. थांबायला लागलं म्हणून टेम्पोवाल्याने दोनशे रुपये जादा मागितले. मी दिले. घासाघीस केली नाही.